दारणेचा मासा आणि अंजनेरीची गिधाडं

देवळाली म्हटलं की तोफखाना आठवतो. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र देवळालीचं नाव एका माशामुळे गेलं आहे. १९३८ साली सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी दारणा नदीतल्या एका लहानशा माशाला 'पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी' हे नाव दिलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्यावरून ते आलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत, हा मासा आज 'अतिसंकटग्रस्त' आहे. निसर्गात अजून जिवंत मानल्या जाणाऱ्या जातींसाठी याहून गंभीर वर्ग नाही. अंजनेरीच्या कड्यावरचं लांब चोचीचं गिधाडही याच वर्गात आहे, पण दोघं तिथे पोचले वेगवेगळ्या वाटांनी.

रेड लिस्ट १९६४ पासून आहे. आकड्यांवर बेतलेले निकष १९९४ मध्ये आले. त्याआधी जाणकारांचा अंदाज हाच आधार होता. आता पाच निकष आहेत आणि त्यांतला एक जरी लागू पडला तरी पुरतो. संख्येतली घट हा पहिला. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा त्यात, संख्या ८० टक्के घटली तर जात अतिसंकटग्रस्त, ५० टक्क्यांना संकटग्रस्त, ३० टक्क्यांना संवेदनशील.

गिधाडं या निकषाने गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यामागे आहे, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. शंभरातलं एखादं मढं विषारी असलं तरी एवढ्या घसरणीला ते पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर थवाच्या थवा उतरतो आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. २००६ मध्ये डायक्लोफेनॅकवर बंदी आली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर यायला २०२३ उजाडलं, निमेसुलाईडवर २०२४ ची अखेर. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखातं आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवतात, तो उपक्रम मला या सगळ्या कागदपत्रांपेक्षा जास्त धीर देतो.

माशाचं तसं नाही. किती होते हेच कुणी मोजलेलं नसेल, तर घट कशी काढणार? तिथे क्षेत्राचा निकष कामी येतो: आढळ शंभर चौरस किलोमीटरच्या आत, तोही तुटक किंवा एकाच ठिकाणी, आणि अधिवासाची अवस्था बिघडत चाललेली. २००६ मध्ये नव्याने नोंदवलेलं अंजनेरीचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, अशाच जातींपैकी. त्याचं जग म्हणजे अंजनेरी आणि आसपासचे मोजके डोंगर. अशा ठिकाणी गाडीरस्त्याचा प्रस्ताव येतो तेव्हा टक्केवारीला अर्थच उरत नाही.

एखादी जात दिसत नाही म्हणून तिला लगेच नामशेष का म्हणत नाहीत? शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, असा नियम आहे. तो का हवा, ते खानदेशाला विचारावं. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे आणखी ठिकाणी मिळाला आणि २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'मध्ये आला. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ नव्हे, आपली माहिती वाढली.

यादी आणि कायदा यांची मात्र लोक सर्रास गल्लत करतात. येवल्याच्या ममदापूर राखीव क्षेत्रातलं काळवीट जागतिक यादीत 'कमी चिंतेचं' आहे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. त्याची शिकार केली तर तुरुंग ठरलेला. निफाडच्या उसातला बिबट्या यादीत 'संवेदनशील' आणि त्याच अनुसूचीत. रेड लिस्टमधल्या वर्गाने कुणालाही आपोआप संरक्षण मिळत नाही. दारणेच्या माशाकडे सध्या जागतिक यादीतला तो वर्ग आहे. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा तिथल्या अतिसंकटग्रस्त जातींमध्ये गिधाडांबरोबर याही माशाचं नाव घेतलं गेलं. तिथे जाणारे बहुतेक जण दुर्बिणी पक्ष्यांवर रोखून बसतात.