आश्रमाबाहेरची आई

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे मराठी घर, मग ते पुण्यात असो वा इंदूर-बडोद्यात, विरळाच म्हणावे लागेल. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' या किताबाने गौरविण्यात आले. त्यांनी उभारलेल्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रिया देशभर पसरल्या. परंतु ज्या गृहिणीने हा संसार आणि त्या संसाराला लागून असलेला संस्थेचा दुसरा संसार सांभाळला, त्या आनंदीबाई तथा बाया कर्वे यांची ओळख अनेकांना केवळ 'अण्णांची पत्नी' एवढीच असते. ही ओळख अपुरी आहे.

बाया मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या जोशांची कन्या. माहेरचे नाव गोदू. आठव्या वर्षी लग्न झाले आणि पुढे काही महिन्यांतच वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे उमगण्यापूर्वीच त्याच्या नसण्याचे ओझे डोक्यावर आले, आणि ते ओझे वाहत सासरी राबण्यात त्यांची पुढची सारी वर्षे गेली. अक्षरओळख होण्यासाठी त्यांना विशी ओलांडावी लागली. त्यांचे बंधू नरहरपंत मुंबईत शिकत होते आणि कर्वे त्यांचे स्नेही. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई. चुलीपुढे आयुष्य जायचे असे गृहीत धरलेल्या एका बाईने पाटी-पेन्सिल हाती घेतली, ती अशी.

बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तली होती. पुन्हा विवाह करीन तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. बायांच्या वडिलांनी संमती दिली. गावाने मात्र दिली नाही. कर्व्यांच्या मुरुड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. आज आपण हे वाक्य सहज वाचून पुढे जातो. परंतु बहिष्कार म्हणजे पंगतीत पान नाही, सणासुदीला बोलावणे नाही, आणि अडल्यानडल्यास शेजारपाजार नाही. पुरुषाला निदान कॉलेज असते, मित्र असतात; घरातल्या बाईला त्याची धग दिवसाचे चोवीस तास सोसावी लागते.

राधाबाईंचा मुलगा रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. पुढे बायांना शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचे ते तुटपुंजे वेतन. त्यात चार मुलांचा संसार आणि आल्यागेल्याचा राबता. अशा स्थितीत १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास, माळरानावरील एका झोपडीत गेला.

याच ठिकाणी बायांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग उभा राहतो. सनातनी घरांनी आपल्या विधवा मुली शिकायला पाठवाव्यात म्हणून कर्व्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने अलिप्त ठेवला होता. पुनर्विवाहित बाईचा तेथे वावर दिसला असता, तर पालक बिचकले असते आणि दात्यांनी हात आखडता घेतला असता. त्यामुळे विधवांसाठी काढलेल्या आश्रमात, स्वतः वैधव्य भोगलेल्या बायांना राहता येईना. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवीत, सायंकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्याची वाट धरीत, आणि सकाळी पुन्हा शहरात येत. बाया मुलांना घेऊन पुण्यात राहत. घरात आजारपण असले तरी त्या पायपिटीत खंड पडत नसे. अण्णांच्या त्या वाटचालीचे गुणगान आपण ऐकले आहे. ती ज्या घरातून सुरू होई, त्या घराच्या दारात आजारी मूल कडेवर घेऊन उभी राहणारी बाई मात्र आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही.

आश्रमासाठी कर्व्यांनी गाठीची शिल्लक दिली. एवढेच नव्हे, तर आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाच्या स्वाधीन केली. बायांना हे रुचले नाही आणि त्यांनी ते मनात ठेवले नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर या मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा त्यांचा रोकडा सवाल होता. काहींना यात संकुचितपणा दिसेल. मला तसे वाटत नाही. निराधारपण म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळलेली ती बाई नव्हती. ते तिने अंगावर काढले होते. इतरांच्या लेकी निराधार राहू नयेत म्हणून झटणाऱ्या माणसाला, आपली मुले निराधार होणार नाहीत याची आठवण कोणीतरी करून द्यायलाच हवी होती. बाया केवळ बोलून थांबल्या नाहीत. त्यांनी नागपूरला जाऊन सुइणीचे शिक्षण घेतले आणि त्या विद्येच्या बळावर संसाराला हातभार लावला. पतीच्या त्यागाला आवश्यक असलेली मिळकत पत्नीने कमवायची, ही व्यवस्था कोणत्याही घटनेत लिहिलेली नव्हती; परंतु तिच्यावाचून तो त्याग फार दिवस टिकला नसता.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. बहिणीच्या आधाराने त्या पुण्यास आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. वर्गणीसाठी त्यांनी देश पालथा घातला आणि पुढे अमेरिकेचाही प्रवास केला. एक बहीण आश्रमात मानाने वावरत असता, दुसरीने त्याच आश्रमाच्या उंबरठ्याबाहेर उभे राहायचे, यातील वेदना शब्दांत मांडण्यासारखी नाही. विशेष हे की बायांनी त्यासाठी संस्थेशी वैर धरले नाही. जेथे आपल्याला राहू दिले नाही, त्याच संस्थेसाठी त्या लोकांपुढे पदर पसरून मदत मागत राहिल्या.

मुलांनी आईच्या कष्टांचे चीज केले. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचले आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. विख्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे या त्यांच्या पत्नी. भास्करराव हिंगण्याच्या कार्यात राहिले. भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई यांनी सासूबाईंच्या आठवणी शब्दबद्ध करून घेतल्या, आणि १९४४ साली 'माझे पुराण' हे पुस्तक निघाले. विशी उलटल्यावर मुळाक्षरे गिरवलेल्या बाईचे हे आत्मकथन मराठी स्त्रीसाहित्याचा मोलाचा ठेवा आहे. १९५० मध्ये बायांनी इहलोकीची यात्रा संपविली.

१९७२ साली वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' हे नाटक रंगभूमीवर आले आणि या दांपत्याच्या जीवनाची आठवण मराठी प्रेक्षकांना नव्याने झाली. नाटकाचे नाव सुंदर खरेच. तरीही बायांना निव्वळ सावली म्हणताना जीभ अडखळते. सावली भांडत नाही, कमावत नाही, मुलांच्या उद्याची चिंता करीत नाही. बायांनी हे सारे केले आणि वर सेवाही केली.

मूळ प्रांतापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत, वाचनालये आहेत, मराठी शाळा आहेत. त्यांच्या अहवालांतून अध्यक्ष आणि कार्यवाह यांची नावे सापडतात. सभेनंतर रात्री उशिरा परतणाऱ्या कार्यवाहासाठी ताट झाकून ठेवणारी, मुलांचा अभ्यास घेणारी आणि प्रसंगी मंडळाच्या वर्गणीसाठी घरखर्चाला कात्री लावणारी बाई त्या अहवालात नसते. पुढच्या अहवालाची पाने जुळवताना तिच्यासाठी एखादे पान राखून ठेवावयास काय हरकत आहे? त्यातील काही आया अद्याप आपल्यात आहेत. त्यांना विचारून ते लिहून घेता येईल.