आखातांतून आलेली बोलकी पेटी

गेल्या पावसाळ्यांत माझ्या टेबलावर पडलेली एक कॅसेट उचलून आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हें काय आहे?” मीं नांव सांगितलें. त्यानें ती उलटसुलट करून पाहिली, तिच्या दोन दातेरी भोंकांपैकीं एकांत करंगळी घालून फिरविली आणि पुन्हां विचारलें, “पण ह्यांत आवाज असतो कोठें?” प्रश्न साधा होता, परंतु तितक्यांत तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. घरीं त्याच्या आईवडिलांनीं तें कदाचित् माझ्यापेक्षां चांगलें दिलें असेल. कारण ज्यांचीं मुलें आज शाळेंत आहेत, त्यांपैकीं पुष्कळांचें बालपण ह्याच वस्तूच्या संगतींत गेलें आहे. तेव्हां तें राहिलेलें उत्तर, आणि ती कॅसेट माझ्या टेबलावर कां आली होती ती हकीकत, अशीं दोन्ही येथें देत आहें.

रेडिओ व टेपरेकॉर्डर हीं दोन यंत्रें एकाच पेटींत बसविलेलीं असल्यामुळें त्या पेटीला ‘टू-इन-वन’ म्हणत. आमच्या आळींत ती आली ती आखातांतून. ह्या किनाऱ्यावरील माणसें पूर्वीपासून बोटींवर खलाशी म्हणून दूरदेशीं जात असत. १९७३ सालीं तेलाचे भाव एकदम चढले, आणि कुवेत, बहरीन, दुबई, सौदी अरबस्तान इत्यादि ठिकाणीं कामाला माणसें हवीं झालीं, तेव्हां राजिवड्यापासून थेट खेड-दापोलीपर्यंतच्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष तिकडे गेले. रजेवर येतांना त्यांच्या सामानांत जाड ब्लँकेटें, अत्तराच्या कुप्या आणि खोक्यांत नीट बसविलेली एक टू-इन-वन असावयाचीच. नॅशनल, सान्यो, शार्प, सोनी हीं जपानी नांवें ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा म्हाताऱ्यांच्याहि तोंडीं बसलीं होतीं. पेटीला वर उचलण्याची मूठ, मागें लांब होणारी एरियल आणि पोटांत सहा किंवा आठ मोठे सेल. मृगाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर गेलेली वीज केव्हां परत येईल ह्याचा आमच्याकडे नेम नसे. म्हणून सेलांना मोठा मान होता. अशक्त झालेले सेल उन्हांत ठेवून त्यांतून आणखी दोन गाणीं काढण्याचा उद्योग आम्हीं सर्वांनीं केला आहे. उष्णतेनें सेलांतील रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरते इतकेंच. सेल कांहीं त्यानें भरत नाहीं.

सकाळीं १९७७ सालीं सुरू झालेलें आकाशवाणीचें रत्नागिरी केंद्र लागे, दुपारीं विविधभारती. रात्रीं दूरदूरचीं केंद्रें आपण होऊन येत, कारण सूर्य मावळल्यावर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परत पृथ्वीकडे वळतात. रेडिओ कंटाळवाणा झाला कीं कॅसेटीं निघत. सुधीर फडके यांचें गीतरामायण, भीमसेन जोशी यांची संतवाणी, शक्ति-तुऱ्याची जाखडी, आणि पु. ल. देशपांडे यांच्या आवाजांतील ‘अंतू बर्वा’. तो तर आमच्याच रत्नागिरीचा. त्याच्यावर हंसतांना आपल्याच शेजाऱ्याकडे बघावें लागे!

आतां आवाज असतो कोठें तें पाहूं. कॅसेटमध्यें प्लॅस्टिकची एक अरुंद फीत असते. तिची रुंदी ३.८१ मिलिमीटर, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्यें तिची लांबी सुमारें ९० मीटर. तिच्या एका अंगास लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीच्या तांबूस भुकटीचा, लेप दिलेला असतो. बोलणाऱ्याच्या आवाजानें माइकमधील पातळ पडदा कांपतो. त्या कंपांपासून विजेचा कमीजास्त होणारा प्रवाह निघतो. तो प्रवाह ‘हेड’ नांवाच्या चिमुकल्या विद्युच्चुंबकांतून वाहतो, आणि हेडला घासून सरकणाऱ्या फितीवरील कण त्या त्या क्षणाच्या प्रवाहाप्रमाणें चुंबकित होऊन तसेच राहतात. ऐकतांना हाच व्यवहार उलट चालतो: फितीवरील चुंबकत्व हेडमध्यें प्रवाह उत्पन्न करतें, आणि तो वाढवून स्पीकरला दिला कीं आवाज होतो. लोहचुंबकावर आवाज ठेवण्याची ही युक्ति डेन्मार्कच्या वाल्डेमार पोलसन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर साधली होती. तिला खिशांत मावण्याजोगी केली ती फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं, १९६३ सालीं. ओटेन्सनें म्हणे आधीं कोटाच्या खिशांत बसेल असा एक लाकडी ठोकळा करवून घेतला आणि यंत्र एवढें झालें पाहिजे असें ठरविलें. पुढें मोटारीचें चाक बदलतांना तो ऐतिहासिक ठोकळा त्यानें जॅकखालीं टेकूस लावला, आणि तो तेथेंच गेला!

फीत दर सेकंदास अवघी ४.७६ सेंटिमीटर पुढें सरकते. ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या यंत्रांवर तीच गति ३८ सेंटिमीटर, म्हणजे आठपट असे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. सेकंदास ८००० कंपांचा बारीक स्वर घेतला, तर कॅसेटच्या फितीवर त्याच्या एका लहरीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे सहा भाग एवढीच जागा मिळते. केसाची जाडीहि ह्याच्या दसपट असते. इतक्या दाटींत हेड जरासें तिरपें झालें, अथवा त्यावर धूळ बसली, कीं बारीक स्वर प्रथम नाहींसे होतात आणि गाणारा तोंडावर रुमाल धरून गात आहे असें वाटूं लागतें. म्हणूनच घरोघरीं काडीला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटांत बुडवून हेड पुसण्याचा विधि चाले. आमच्या दमट हवेंत फितीवर पांढरी बुरशी धरे आणि मोटरचा रबरी पट्टा सैल पडे, तें निराळेंच. पट्टा सैल झाला कीं गति डोलूं लागे. तबल्यांत हें फारसें कळत नाहीं. पण एखाद्या गवयानें लांब षड्ज लावला कीं तो स्वर पाण्यांत हलणाऱ्या काठीसारखा दिसूं लागे.

तेव्हां ह्या पेटीचा आवाज खरोखर चांगला होता काय? माझ्या पिढीचे लोक ह्यावर फार हळवे होतात, आणि हल्लींच्या यंत्रांत तो गोडवा नाहीं असें सांगतात. मला तें सर्वस्वीं मान्य नाहीं. निरोगी तरुण कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकूं येतात. साधी कॅसेट व साधें यंत्र वरच्या अंगास दहाबारा हजारांवर थकत, आणि चार बोटें रुंदीचा स्पीकर खालचे शंभर-सव्वाशें कंप जवळजवळ गिळूनच टाकी. पार्श्वभूमीला फितीची सळसळ असे ती वेगळी. मात्र दोन गोष्टी त्या पेटीच्या बाजूनें सांगितल्या पाहिजेत. आवाज फार मोठा झाला असतां फितीचें चुंबकत्व एकदम तुटत नाहीं, हळूहळू तृप्त होतें. त्यामुळें वरचीं टोंकें कापलीं न जातां गोलावतात, व कानाला तें बोचत नाहीं. दुसरें असें कीं, माणसाच्या बोलण्याचा अर्थ ज्या कंपांत असतो ते बहुतेक ३०० ते ३४०० ह्यांच्या दरम्यान असतात. वाद्यवृंदाला ती पेटी अपुरी होती. माणसाच्या आवाजाला पुरून उरत होती.

कांहीं पेट्यांवर ठळक अक्षरांत ‘स्टिरिओ’ असें लिहिलेलें असे, आणि तशी पेटी ज्याच्या घरीं असे त्याचा भाव वाढे. दोन कानांना दोन निरनिराळे आवाज पोहोंचवून ऐकणाऱ्यास दिशेचा भास करून द्यावयाचा, ही कल्पना; इंग्लंडांत ॲलन ब्लूमलाइन यानें १९३१ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला होता. पण एकाच पेटींत दीडदोन फुटांवर बसविलेले दोन स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोंकाहून ऐकले तर एकच होऊन जातात. भास व्हावयास पेटीसमोर हातभर अंतरावर बसावें लागे. आम्ही मुलें तसेच बसत असूं. वडील माणसें ओरडत कीं, कान फुटतील.

आतां त्या कॅसेटची हकीकत. राजिवड्याच्या वाटेवर आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्यांना आम्ही सर्व मुलें दादी म्हणत असूं. त्यांचा मुलगा कुवेतला होता. दादींना लिहितां येत नसे, आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रांत मनांतलें येत नाहीं अशी त्यांची तक्रार असे. टू-इन-वन आल्यापासून त्यांनीं पत्रें सोडलीं. पेटीच्या तोंडावर बारीक जाळीआड माइक असे, त्यासमोर बसून त्या अर्धा-अर्धा तास बोलत, आणि कोणी ओळखीचें कुवेतला निघालें कीं त्याच्या हातीं ती कॅसेट देत. मुलगा ती ऐके, तिच्यावरच उत्तर भरी, आणि येणाऱ्याबरोबर परत पाठवी. काटकसरीचा मार्ग, पण त्यामुळें प्रत्येक नवें पत्र मागच्या पत्राला पुसून टाकीत असे. लाल बटण दाबलें म्हणजे फीत आधीं पुसणाऱ्या हेडवरून जाते व मग लिहिणाऱ्या हेडवर येते. बटणें दाबण्याचें काम माझें होतें.

त्या माइकला एक खोड होती. बोलणारा जवळ असो वा दूर, आवाज सारखा भरावा म्हणून यंत्रांत अशी योजना असे कीं, आवाज मोठा झाला तर यंत्रानें कान आखडावा आणि लहान झाला तर पुढें करावा. बोलणारा मध्येंच थांबला कीं यंत्र काय करी? तें अधिकाधिक कान देऊं लागे, आणि मागचे सर्व आवाज हळूहळू फुगत पुढें येत. कौलांवरचा पाऊस, कोंबडी, कोणाची तरी बादली. तज्ज्ञ ह्याला दोष म्हणतात, आणि गाण्याच्या दृष्टीनें तो दोषच होय.

२ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें. मी त्या वेळीं सातवींत होतों. फोन बंद, टपाल बंद, येणारें माणूस नाहीं. दादी रोज संध्याकाळीं मला बोलावीत आणि जुलैंत आलेली शेवटची कॅसेट लावावयास सांगत. मुलाचें उत्तर वीस-बावीस मिनिटांचें होतें. तें संपलें कीं एक ‘खट्’ असा आवाज होई आणि पुढें दादींचेंच आधींचें पत्र ऐकूं येई, कारण तेवढ्या फितीवर मुलाचें बोलणें पोहोंचलेंच नव्हतें. तेथें त्या मला यंत्र बंद करावयास लावीत. “हा माझा आवाज नव्हे,” असें त्या म्हणत. स्वतःचा आवाज आपणांस हवेंतून येतो तसा डोक्याच्या हाडांतूनहि येतो, आणि हाडांतून येतांना तो भरदार वाटतो. यंत्रांतून केवळ हवेंतला ऐकला कीं तो परका व पातळ भासतो. हें मला तेव्हां ठाऊक असतें तर मीं त्यांना सांगितलें असतें.

सप्टेंबरांतील एका संध्याकाळीं घाईघाईनें मीं वाजविण्याच्या बटणाबरोबर लाल बटणहि दाबलें. चूक ध्यानांत येईपर्यंत पांच-सहा सेकंद गेले. तेवढ्या जागेंत मुलाचें एक वाक्य होतें. “घरीं सगळ्यांना सलाम, आणि…” येथवर तो बोलतो, मग माझा दचकलेला श्वास, दादींचें “काय झालें रे?” आणि पुन्हां मुलाचा आवाज भलत्याच विषयावर. दादी मला रागें भरल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मीं कॅसेटच्या पाठीवरील दोन्ही लहान चकत्या चाकूनें मोडून टाकल्या. त्या मोडल्या म्हणजे लाल बटण दाबलेंच जात नाहीं. ही सोय प्रत्येक कॅसेटला होती आणि मला ती ठाऊकहि होती.

त्या वर्षीं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत अम्मानमार्गे दीड लाखांहून अधिक भारतीय विमानांनीं मुंबईस आणले गेले. दादींचा मुलगा ऑक्टोबरांत घरीं आला. त्या पुसलेल्या जागीं तो काय बोलला होता तें मीं त्याला विचारलें, त्याला आठवेना. दादी पुढें दहा वर्षांनीं वारल्या.

गेल्या पावसाळ्यांत तोच मुलगा, आतां स्वतः आजोबा झालेला, ती कॅसेट घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या नातीला पणजीचा आवाज ऐकावयाचा होता, आणि घरची पेटी केव्हांच मोडींत गेली होती. मीं कॅसेटचे पांच स्क्रू काढले, फितीवरची बुरशी मऊ कापडानें पुसली, आणि ती दुसऱ्या कवचांत भरली. माझ्या जुन्या यंत्रावर लावली तेव्हां आवाज घोंगडीखालून आल्यासारखा आला. हेडशेजारीं एक बारीक स्क्रू असतो. त्यानें हेडचा तिरपेपणा सुधारतां येतो. त्यासाठीं गाण्यापेक्षां पावसाचा आवाज बरा, कारण त्यांत जाडेबारीक सर्व कंप एकत्र असतात. म्हणून मीं फीत मुलाच्या पत्रापलीकडे नेली आणि दादींच्या बोलण्यावर लावून, पाऊस स्वच्छ ऐकूं येईपर्यंत केसाकेसानें स्क्रू फिरवीत बसलों. त्या मुलाला सांगत आहेत: कौलें परतून घेतलीं, तरी माजघरांत दोन ठिकाणीं गळतें, तेथें टोप ठेवला आहे, ऐक. मग त्या बराच वेळ कांहीं बोलत नाहींत, आणि तेवढ्या वेळांत टोपांत पडणाऱ्या थेंबांचा आवाज हळूहळू मोठा होत जातो.