तलावाकाठी तंबूत मुक्काम : लहान मुलांना नेताना आधी पाण्याचा विचार

हिवाळा आला की मुंबईच्या उपनगरांतली बरीच कुटुंबं पवना धरणाच्या काठी किंवा तापोळ्याला कोयनेच्या जलाशयावर तंबूत राहायला आणि बोटीत फिरायला जातात. सामानात खाऊ, स्वेटर, डासांचं मलम असतं. लाइफ जॅकेट मात्र 'तिथे मिळेलच' म्हणून राहून जातं. तिथे लहान मुलाच्या मापाचं मिळेलच असं नाही.

म्हणून मुलाच्या वजनानुसार जॅकेट घरूनच न्या. पट्टे आवळून ते खांद्यापाशी वर ओढून पाहा. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात मूल त्यातून निसटू शकतं. लहानग्यांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवा. हवेच्या रिंगा आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नाहीत.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्याचीच धडपड चालू असते. त्यामुळे काठावरसुद्धा एक मोठा माणूस, फोन बाजूला ठेवून, मुलाच्या हाताच्या अंतरावर हवा. पाळ्या आधीच ठरवा.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल, तर पोट दाबू नका, उलटं धरू नका. तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, हा क्रम चालू ठेवा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. मूल शुद्धीवर आलं तरी रुग्णालयात न्याच.

जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे फोनला रेंज आहे का, हे तंबू बुक करतानाच विचारा.