भिगवण
भिगवण हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील एक गाव आहे. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, पुणे–सोलापूर महामार्गावर ते वसले असून उजनी जलाशयाच्या पाणफुगवट्यावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी
बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. कमी व बेभरवशाच्या पावसामुळे येथे गवताळ माळराने आणि बोर, बाभूळ यांसारखी काटेरी झाडे आढळतात. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी भिगवण परिसरापर्यंत पसरले आणि भीमाकाठच्या अनेक गावांना स्थलांतर करावे लागले. पळसदेव येथील बुडालेले पळसनाथाचे मंदिर पाणी ओसरल्यावर उघडे पडते.

पक्षीजीवन
हिवाळ्यापासून जलाशयाची पातळी घटू लागते. उघड्या पडलेल्या चिखलात आणि उथळ पाण्यात पक्ष्यांना भरपूर खाद्य मिळते. रोहित (अग्निपंख) चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातात. भारतात त्यांची वीण प्रामुख्याने कच्छच्या रणात होते. पट्टकादंब हे हंस हिमालय ओलांडून येतात. जवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत आहे.

माळराने
बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ केवळ ५.१४ चौरस किलोमीटर आहे. येथे, तसेच इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आढळतो. धाविक, चंडोल व पखुर्डी हे जमिनीवर घरटी करणारे पक्षीही या माळरानांवर राहतात.

पर्यटन
नोव्हेंबर ते मार्च हा काळ पक्षीनिरीक्षणास अनुकूल असतो. कुंभारगाव व डिकसळ येथील स्थानिक मच्छीमार पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात. त्यातून त्यांना पूरक उत्पन्न मिळते. नाव थव्याच्या फार जवळ नेल्यास पक्षी चरणे सोडून उडतात, म्हणून अंतर राखणे आवश्यक असते.

संवर्धनाच्या समस्या
पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा नद्यांतून भीमेत आणि पुढे जलाशयात येते. त्यामुळे पाण्याची प्रत खालावते व जलपर्णी वाढते. माळरानांना ‘पडीक जमीन’ समजून तेथे दाट वृक्षलागवड केली जाते, तेव्हा उघड्या जमिनीवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांचा व चिंकाऱ्यांचा अधिवास घटतो. या प्रदेशात पाणथळीइतकेच गवताळ माळाचे रक्षणही महत्त्वाचे आहे.