विश्लेषण : लिनक्समध्ये पॅकेज बदलताच डेस्कटॉप गायब का होतो?

नवे सॉफ्टवेअर टाकले, संगणक रीस्टार्ट केला आणि डेस्कटॉपऐवजी काळी स्क्रीन दिसू लागली. लिनक्स वापरणाऱ्या अनेकांवर ही वेळ येते. डेटा गेला असे समजून संगणक फॉरमॅट करण्याची घाई मात्र बहुतेक वेळा अनावश्यक असते.

गाजलेले उदाहरण कोणते?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब वाहिनीचे लायनस सेबॅस्टियन यांचा व्हिडीओ गाजला. ‘पॉप ओएस’वर गेमिंगचे ‘स्टीम’ टाकताना डेस्कटॉपची पॅकेजेस काढली जाणार असल्याचा इशारा टर्मिनलने दिला. पुढे जायचे तर ‘येस, डू ॲज आय से’ असे वाक्य टाइप करायचे होते. त्यांनी ते केले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. त्यानंतर ‘एपीटी’ या पॅकेज मॅनेजरचे नियम कडक करण्यात आले.

असे का होते?

लिनक्समध्ये डेस्कटॉप हा कर्नलपासून वेगळा थर असतो. डिस्प्ले सर्व्हर, ग्राफिक्स ड्रायव्हर, लॉगिन स्क्रीन ही सारी स्वतंत्र, पण एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजेस. त्यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत, तर एक बसवण्यासाठी दुसरे काढले जाऊ शकते. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या कर्नलशी न जुळणे, हेही नेहमीचे कारण. वापरकर्त्याच्या फाइल्स ‘होम’ फोल्डरमध्ये असतात. त्यांना पॅकेज मॅनेजर सहसा हात लावत नाही.

दुरुस्ती कशी करायची?

उबंटूसारख्या प्रणालीत कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबल्यास अक्षरी लॉगिन मिळते. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, तो बिघाड नव्हे. इंटरनेट केबलने जोडलेले बरे. मग पुढील कमांड क्रमाने, रोमन लिपीत छोट्या अक्षरांत द्याव्यात : ‘सुडो एपीटी अपडेट’, ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप’. शेवटी ‘सुडो रीबूट’. दुसरी कमांड काही पॅकेजेस काढायला सांगत असेल, तर यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. नेमके काय काढले गेले, याची नोंद एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये सापडते.

अक्षरी लॉगिनही येत नसेल तर?

संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ‘ग्रब’ मेन्यू उघडावा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल किंवा रिकव्हरी मोड निवडावा. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप दिसला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा.

पुढे काय काळजी घ्यावी?

एपीटी काम सुरू करण्यापूर्वी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी दाखवते. एक ॲप टाकताना त्या यादीत डेस्कटॉपचे नाव दिसले, तर ‘एन’ दाबून थांबावे. मोठ्या बदलाआधी ‘टाइमशिफ्ट’ने स्नॅपशॉट घेतला असेल, तर प्रणाली पूर्वीच्या स्थितीत आणता येते.