झोंबीपटामागची माणसं

'वन कट ऑफ द डेड' या जपानी चित्रपटाची पहिली 37 मिनिटं धीराने बघावी लागतात. बंद पडलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात झोंबीपटाचं चित्रीकरण चालू असतं, खरेखुरे झोंबी येतात, तरी दिग्दर्शक कॅमेरा थांबवत नाही. हे सगळं एकाच अखंड शॉटमध्ये. नट अडखळतात, गप्पा विनाकारण लांबतात, कॅमेरा मध्येच जमिनीवर पडून राहतो. नवशिक्यांचं काम वाटतं, पण उठून जाऊ नये. (चित्रपट पाहायचा असेल तर पुढचं नंतर वाचावं.)

कथा महिनाभर मागे जाते. एका नव्या वाहिनीला अर्ध्या तासाचा झोंबीपट थेट प्रक्षेपणात हवा आहे, तोही एकही कट न घेता. स्वस्तात आणि झटपट काम उरकणाऱ्या दिग्दर्शक हिगुराशीच्या गळ्यात ते पडतं. मग तोच शॉट आपण कॅमेऱ्यामागून पाहतो. एक नट दारू पिऊन पडलाय, दुसऱ्याचं पोट बिघडलंय. कॅमेरा खाली पडला, कारण कॅमेरामनची पाठ धरली होती. मघाशी खटकलेली जवळपास प्रत्येक गोष्ट कुणीतरी जिवाच्या आकांताने सावरलेली होती! ऐनवेळी क्रेन हाताशी राहत नाही, तेव्हा अख्खं युनिट दहीहंडीसारखे थर लावून कॅमेरा वर चढवतं. हसून पुरेवाट होते, पण चित्रपट या माणसांची टर उडवत नाही. पडद्यामागच्या कष्टांवर इतक्या मायेने केलेला विनोद मला दुसरा आठवत नाही.

लेखक-दिग्दर्शक शिनइचिरो उएदा यांना कल्पना सुचली ती एका नाट्यसंस्थेच्या प्रयोगावरून. टोकियोच्या एनबु सेमिनार या प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून चित्रपट उभा राहिला. कलाकार जवळपास सगळे अनोळखी, खर्च सुमारे 30 लाख येन. लांब शॉट सलग घ्यायचा म्हणजे शेवटी चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लेन्सवर उडालेलं रक्त कॅमेरामनने पुसलं, ते ठरलेलं नव्हतं, तरी तसंच ठेवलं. श्रेयनामावलीत खरं युनिट धावताना दिसतं, तेव्हा गोष्टीतली आणि गोष्टीबाहेरची धडपड वेगळी काढता येत नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये टोकियोत मोजके खेळ झाले. 2018 च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या उदिने महोत्सवात प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. जूनमध्ये टोकियोतल्या दोन चित्रपटगृहांत लागला आणि तोंडोतोंडी देशभर पसरला. जपानमधली कमाई 3 अब्ज येनांवर गेली, म्हणजे खर्चाच्या हजारपट. 2022 चा कान महोत्सव मिशेल हाझानाव्हिसियस यांनी केलेल्या फ्रेंच आवृत्तीने सुरू झाला. ती पाहण्याआधी मात्र मूळ चित्रपटच बघावा.