डिकन्स कधीच न आलेल्या गावात

डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनच्या रस्त्यावरून राणी व्हिक्टोरियाची मिरवणूक निघते. पुढेमागे लाल झगे घातलेले बीफीटर शिपाई, बॅगपाइप वाजवणारे स्कॉटिश वेशातले पुरुष, उंच टोप्यांतले गृहस्थ, घेरदार झगे दोन्ही हातांनी सावरत चालणाऱ्या बायका आणि तोंडाला काजळी फासलेली धुराडी साफ करणारी पोरं. सगळं लंडनचं, १८५०-६० च्या सुमाराचं. फक्त हवा काही ऐकत नाही. मेक्सिकोच्या आखातातलं हे बेट, डिसेंबरातही दुपारी पारा अठरा-एकोणीस अंशांवर असतो, त्यात दमटपणा. लोकरी कोटाच्या आत घाम सुटतो. बर्फाशिवाय नाताळ कसला, म्हणून बर्फ यंत्राने करून रस्त्यात ओततात आणि टेक्ससची पोरं त्यावर तुटून पडतात.

या उत्सवाचं नाव ‘डिकन्स ऑन द स्ट्रँड’. १९७३ पासून चालत आलेला. गावाची वस्ती २०२० च्या जनगणनेत ५३ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या गावाचा चार्ल्स डिकन्सशी काडीचाही संबंध नाही. डिकन्स अमेरिकेत दोनदा गेला, १८४२ मध्ये आणि पुन्हा १८६७-६८ मध्ये. पहिल्या खेपेला टेक्सस अमेरिकेत नव्हतंच, ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. दुसऱ्या खेपेला तो ईशान्येकडच्या शहरांत वाचनाचे कार्यक्रम करून परत गेला. लंडनच्या खऱ्या स्ट्रँडशी मात्र त्याचं नातं जुनं. बारा वर्षांचा असताना बुटाच्या पॉलिशच्या ज्या कारखान्यात त्याने बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, तो स्ट्रँडला लागूनच नदीकाठी होता, आणि पुढे त्याच्या साप्ताहिकाची कचेरीही त्याच रस्त्याच्या अंगाला होती. गॅल्व्हस्टनमधल्या रस्त्याचं नाव कागदोपत्री ‘अ‍ॅव्हेन्यू बी’. एका जवाहिऱ्याला आपल्या दुकानाच्या पत्त्यात हे रुक्ष अक्षर बरं दिसेना, म्हणून त्याने स्वतःच्या कागदांवर ‘स्ट्रँड’ छापायला सुरुवात केली आणि इतरांनी ते उचललं, असं सांगतात. एवढ्या धाग्यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

पण या थट्टेच्या पोटात एक चोख व्यवहार आहे. हा उत्सव हौसेखातर सुरू झाला नाही. पडायला आलेला एक रस्ता वाचवायचा होता, आणि त्यासाठी लोकांनी तो रस्ता आधी डोळ्यांनी बघायला हवा होता.

त्या रस्त्याची ऐट काही उसनी नव्हती. १८३९ मध्ये नगरपालिका मिळालेलं गॅल्व्हस्टन टेक्ससचं मुख्य बंदर होतं, आणि बंदरावर चालायचा तो कापूस. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरच्या स्ट्रँडवर कापसाचे दलाल, घाऊक व्यापारी, बँका आणि विमा कंपन्या ओळीने बसल्या. ‘नैऋत्येची वॉल स्ट्रीट’ हे बिरुद लोकांनीच दिलं. इमारतींची दर्शनी बाजू ओतीव लोखंडाची. खांब, कमानी, नक्षी ओतशाळेत तयार व्हायची, बोटीने यायची आणि विटांच्या भिंतीपुढे जोडली जायची. आयर्लंडमध्ये जन्मलेला निकोलस क्लेटन हा इथला नामांकित वास्तुकार. त्याच्या विटकामात इतका नखरा आहे की नुसती भिंत बघत उभं राहावं. टेक्ससमधले पहिले टेलिफोन आणि विजेचे दिवे इथेच आले.

या कापसाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोचतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलाने गॅल्व्हस्टनसह दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून तडफडू लागल्या. त्यांनी मोर्चा वळवला तो हिंदुस्थानकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे रिक्लमेशनचे शेअर गगनाला भिडले. युद्ध संपताच सगळं कोसळलं. १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी मुंबईत बड्याबड्यांचं दिवाळं निघालं. त्याच्या बाराच दिवस आधी, १९ जूनला, गॅल्व्हस्टनमध्ये काय घडलं ते पुढे येईलच.

८ सप्टेंबर १९०० च्या वादळाने गॅल्व्हस्टनचा कणा मोडला. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम नऊ फूट. लाट आली पंधरा फुटांची. जवळपास ३८ हजारांच्या गावात किमान सहा हजार माणसं गेली, अनेक जण आठ हजार म्हणतात. अमेरिकेच्या इतिहासात याहून जीवघेणी नैसर्गिक आपत्ती आजवर झालेली नाही.

यानंतर गावाने जे केलं, ते मला वेशभूषेच्या सगळ्या मिरवणुकांपेक्षा नवलाचं वाटतं. आधी समुद्राच्या बाजूने सतरा फूट उंचीची भिंत बांधली, १९०४ पर्यंत तिचा पहिला टप्पा पुरा झाला. मग अख्खं गाव वर उचललं. शहरातून कालवा खणला, त्यातून गाळ काढणारी जहाजं आत आणली, आणि वाळू-पाण्याचा राडा नळांतून घरांच्या खाली सोडला. पाणी निथळून जायचं, वाळू मागे राहायची. त्याआधी घरं जॅकवर चढवावी लागत. दोन हजारांहून जास्त इमारती अशा उचलल्या. सेंट पॅट्रिकचं तीन हजार टनांचं चर्च सातशे जॅक लावून पाच फूट वर नेलं. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ज्यांना परवडलं नाही त्यांचे तळमजले वाळूत गेले. काही वर्षं लोक दारातून बाहेर पडले की लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून चालत होते, आणि खाली चिखल. खाऱ्या वाळूने गावातली झाडं, बागा मेल्या. ‘अ‍ॅश्टन व्हिला’ या १८५९ च्या हवेलीचं लोखंडी कुंपण आज बुटकं दिसतं, कारण त्याचा खालचा भाग जमिनीत गाडला गेला आहे. भराव समुद्राच्या भिंतीकडून खाडीकडे उतरत गेला. स्ट्रँड खाडीच्या बाजूला, म्हणून तो उताराच्या तळाशी राहिला. याची किंमत शंभरेक वर्षांनी मोजावी लागली.

गाव वाचलं, धंदा वाचला नाही. ऐंशी किलोमीटर आतल्या ह्यूस्टनने खोल कालवा खणला, १९१४ मध्ये तो जहाजांना खुला झाला आणि व्यापार गॅल्व्हस्टनला वळसा घालून पुढे जाऊ लागला. मधली काही दशकं बेट जुगाराच्या अड्ड्यांवर आणि चोरट्या दारूवर जगलं. १९५७ च्या धाडींनी तेही बंद झालं. स्ट्रँडवरच्या बँकांची गोदामं झाली, गोदामांची पडझड. पण यात एक गंमत होती. ह्यूस्टनमध्ये पैसा होता, म्हणून तिथे जुनं पाडून नवं उभं राहिलं. गॅल्व्हस्टनमध्ये बऱ्याच इमारती पाडायलाही कोणी पैसे घालायला तयार नव्हतं. गरिबीने जेवढं राखलं तेवढं कुठल्याही कायद्याने राखलं नसतं.

तरी राखायलाही मर्यादा असते. साठच्या दशकात एकेक इमारत जमीनदोस्त होऊ लागली, तेव्हा गॅल्व्हस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन ही स्थानिक संस्था पुढे सरसावली. तिची युक्ती साधी होती. मूडी आणि केम्पनर या गावातल्या दोन धनाढ्य घराण्यांच्या न्यासांकडून पैसे घेऊन तिने १९७३ मध्ये फिरता निधी उभारला. पडीक इमारत विकत घ्यायची, दर्शनी भाग बिघडवायचा नाही आणि दुरुस्ती करायचीच अशी अट खरेदीखतात घालायची, मग ती इमारत विकायची. आलेल्या पैशांतून पुढची घ्यायची. संस्थेला कायमचं मालक व्हायचं नव्हतं, फक्त योग्य मालक गाठून द्यायचा होता. मात्र ओसाड, बदनाम रस्त्यावर गिऱ्हाईक यावं कसं?

म्हणून जेवण. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेच्या सभासदांनी घरून डबे आणून स्ट्रँडवर एकत्र पंगत केली आणि गंमत म्हणून जुन्या काळचे कपडे घातले. रस्त्याचं नाव स्ट्रँड, इमारती व्हिक्टोरियाच्या काळातल्या, सण नाताळचा. डिकन्सला बोलावणं धाडायला आणखी काय हवं? ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ चं, म्हणजे पुस्तक आणि शहर वयाने बरोबरीचेच. पुढच्या वर्षांत गर्दी वाढली, रस्त्याला कुंपण पडलं, तिकीट लागलं. १९७६ मध्ये स्ट्रँडच्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. बेटावरच जन्मलेला तेलसम्राट जॉर्ज मिचेल आणि त्याची पत्नी सिंथिया यांनी एकामागून एक इमारती घेऊन दुरुस्त केल्या. पण आधी माणसं त्या रस्त्यावर पाय ठेवायला लागली, पैसा मागून आला.

उत्सव चालतो तो स्वयंसेवकांच्या जिवावर, आणि त्याची सर्वांत हुशार चाल तिकीटखिडकीवर आहे. व्हिक्टोरियन वेशात आलात तर तिकिटात घसघशीत सूट. त्यामुळे प्रेक्षक फुकटातले नट होतात. नाटकमंडळीला पगार देऊन इतकी पात्रं उभी करणं कोणत्याच संस्थेला जमलं नसतं. लोक वर्षभर घरी झगे शिवतात, टोप्या जमवतात. कंदिलांची मिरवणूक निघते, घंटावादन आणि नाताळगीतं होतात, दाढीमिशांची स्पर्धा होते, पलंगांना चाकं लावून शर्यती लागतात. भाजलेले चेस्टनट आणि टर्कीच्या तंगड्या एकाच रस्त्यावर विकल्या जातात. डिकन्सचे वंशजही पाहुणे म्हणून येऊन गेले आहेत. अलीकडे ‘स्टीमपंक’वाल्या तरुणांनी यात शिरकाव केला आहे. पितळी चष्मे, दंडावर दातेरी चाकं, पाठीवर वाफेचं कसलंसं यंत्र. शुद्धतावादी नाकं मुरडतात. माझं मत विचाराल तर जिथे मुळात राणीच खोटी, तिथे दातेरी चाकांवर हरकत घेण्यात अर्थ नाही.

हरकत घ्यायची तर वेगळ्या गोष्टीवर घ्यावी. स्ट्रँड आणि बाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उत्तरेच्या सैन्याचं ठाणं होतं. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टनमधून तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम काढला आणि टेक्ससमधल्या गुलामांना ते मुक्त असल्याचं जाहीर केलं. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अडीच वर्षं आधीचा होता. तोच हा जूनटीन्थ. २०२१ पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे, आणि त्याच साली त्या कोपऱ्यावर ‘अ‍ॅब्सोल्यूट इक्वॉलिटी’ हे प्रचंड भित्तिचित्र रंगवलं गेलं. त्याच्या आधीची जवळपास पन्नास वर्षं मात्र इथून जाणाऱ्या उत्सवाच्या मिरवणुका डिकन्सच्या स्क्रूज आणि पिकविक या पात्रांच्याच होत्या. स्ट्रँडची पहिली श्रीमंती गुलामांनी वेचलेल्या कापसाची होती. डिकन्सला विचारलं असतं तर त्याने तोंडावर सांगितलं असतं. १८४२ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडपर्यंत जाऊन तो मागे फिरला, आणि परतल्यावर लिहिलेल्या प्रवासवर्णनात गुलामगिरीवर एक अख्खं प्रकरण घातलं. त्यात पळून गेलेल्या गुलामांच्या वर्तमानपत्री जाहिराती त्याने जशाच्या तशा उतरवल्या, कोणाच्या अंगावर कसला डाग, कोणाचा कान कापलेला, अशा वर्णनांसकट. उत्सवात त्याचा प्रेमळ, शेकोटीशेजारचा अवतार तेवढा बोलावला जातो.

इंग्लंड-स्कॉटलंडातून इथे खरोखर आलेली एक वस्तू मात्र स्ट्रँडपासून पाच मिनिटांच्या वाटेवर धक्क्याला उभी आहे. ‘एलिसा’ हे शिडाचं लोखंडी जहाज १८७७ मध्ये अ‍ॅबर्डीनला बांधलं गेलं, आणि १८८३ च्या डिसेंबरात ते गॅल्व्हस्टनला लागलं होतं. पुढे अनेक नावं आणि अनेक मालक बदलून ते ग्रीसमध्ये भंगारात निघालं. हिस्टॉरिकल फाउंडेशननेच १९७५ मध्ये ते विकत घेतलं, आणि १९८२ पर्यंत ते पुन्हा शिडं उभारून समुद्रात जाऊ लागलं. मिरवणूक चुकली तरी चालेल, हे जहाज चुकवू नये.

१३ सप्टेंबर २००८ ला ‘आइक’ वादळ आलं. समुद्राच्या भिंतीने पुढून येणारं पाणी अडवलं, तर ते मागून, खाडीकडून शिरलं आणि उताराच्या तळाशी असलेल्या स्ट्रँडवर माणूस बुडेल इतकं चढलं. दुकानं धुऊन निघाली. पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा आज भिंतींवर मुद्दाम लावून ठेवल्या आहेत. पुरते तीन महिने झाले नव्हते, अनेक दुकानं बंदच होती, तरी डिसेंबरात राणीची मिरवणूक निघाली. त्या वर्षी ती नसती निघाली तरी कोणी दोष दिला नसता. पण रिकामा रस्ता लोकांच्या नजरेतून उतरला की काय होतं, ते या गावाने साठच्या दशकात पाहिलं होतं.

ह्यूस्टनला मराठी वस्ती बरीच आहे आणि तिथून हे बेट गाडीने तासाभराचं. जायचं असेल तर एक दिवस आधी जा, कुंपण पडण्यापूर्वी. ओतीव खांबांना हात लावून बघा, बाविसाव्या रस्त्याचा कोपरा बघा. आणि उत्सवाच्या दिवशी सवलतीच्या तिकिटासाठी झगे शिवत बसायचं कारण नाही. व्हिक्टोरिया १८५८ पासून आपलीही महाराणी होती आणि त्या काळी मुंबईत नऊवारी नेसत. काष्टा घालून, नथ लावून खिडकीवर उभं राहावं आणि सवलत मागावी.